आसाकुसाची कुरा सुशी: सॅमन राहू द्या, चंदेरी मासे मागवा

आधी निकाल सांगते, मग कारणं. आसाकुसात रॉक्स नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कुरा सुशी या फिरत्या पट्ट्यावर सुशी देणाऱ्या साखळीची मोठी शाखा आहे. टोकियोत आठवड्याभरासाठी आला असाल, घरची चार माणसं बरोबर असतील, त्यातलं एक शाकाहारी आणि एक शाळकरी असेल, आणि सुशीवर महिन्याचा पगार उधळायचा नसेल, तर डोळे मिटून इथे जा. फक्त डोळे मिटून ऑर्डर देऊ नका. आपली मंडळी टेबलावर बसली की समोरच्या पडद्यावर सॅमन, मग चीज घातलेला सॅमन, मग मेयोनेज घालून भाजलेला सॅमन असं दाबत सुटतात आणि बाहेर आल्यावर ‘ठीक होतं’ म्हणतात. ठीकच असणार. या दुकानाची खरी कमाई साबा नावाच्या चंदेरी माशात आहे, आणि त्याचा फोटो सॅमनइतका देखणा येत नाही म्हणून लोक पुढे सरकतात.

मी मूळची मालवणची. बरीच वर्षं टोकियोच्या निशिकासाईत राहते, जिथे संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात फोडणीचा वास येतो. मासा मला कळतो असं मी समजत होते, पण या खेपेला बरोबर माझी मावशी होती आणि तिच्यापुढे मी कच्चं लिंबू. मालवणच्या बाजारात तिला लांबून येताना पाहिलं की कोळणी शिळी पाटी मागे सरकवतात. ‘कच्चे मासे खायला घालते’ म्हटल्यावर तिने विमानात बसायच्या आधीच मला फोनवर दोन शब्द सुनावले होते. नवरा पुण्याचा, अंड्यापर्यंत पोचलेला, त्यापुढे जायला तयार नाही. लेकीला सुशीपेक्षा दुकानातल्या खेळण्यांचं आकर्षण. अशा चौघांना एका टेबलावर बसवून सगळ्यांचं पोट भरणारी जागा शोधणं सोपं नसतं.

जायचं कसं ते थोडक्यात. गिन्झा लाइनचं शेवटचं स्टेशन आसाकुसा. सेन्सोजीचं देऊळ पाहून पश्चिमेकडे चालत गेलात की रॉक्स लागतं. शनिवार-रविवारी जेवणाच्या वेळेला नुसतं जाऊन उभं राहायचं नाही, ॲपवरून आधी वेळ घ्यायची. दारातल्या यंत्रावर नंबर टाकला की टेबलाचा आकडा हातात येतो. कुणी माणूस येऊन बसवेल म्हणून वाट पाहू नका. आत फिकट लाकूड, कंदील, एकूण जत्रेचा थाट. ही शाखा २०२० च्या जानेवारीत उघडली तेव्हा तिची मांडणी सातो काशिवा या नावाजलेल्या डिझायनरने केली, आणि परदेशी पाहुणा समोर ठेवूनच ती केली आहे हे पाऊल टाकताच कळतं. मला असल्या सजावटीचं फारसं कौतुक नाही. मावशीला मात्र ‘देवळाजवळ जत्रा’ हे गणित लगेच पटलं.

टेबलाच्या कडेने पट्टा फिरत असतो आणि त्यावर प्रत्येक ताटलीवर पारदर्शक झाकण. झाकणाला हात लावायचा नाही. ताटलीची पुढची कड धरून वर उचलली की झाकण आपोआप उघडतं. ही झाकणं कुराने २०११ मध्ये आणली. तेव्हा ती थोडी अतिच वाटली असतील, पण जानेवारी २०२३ मध्ये दुसऱ्या एका साखळीच्या दुकानात एका पोराने टेबलावरची सोयासॉसची बाटली चाटतानाचा व्हिडिओ देशभर फिरला आणि कित्येक दुकानांनी पट्ट्यावर सुशी फिरवणंच बंद केलं. आता बऱ्याच ठिकाणी तुम्ही मागवाल तेवढंच येतं. कुराने पट्टा चालू ठेवला आणि झाकणांची संशयास्पद उघडझाप टिपणारे कॅमेरे बसवले. माझ्या मते बरं केलं. पट्टा फिरत नसेल तर अशा दुकानात जाण्यातली निम्मी गंमत संपते. न मागितलेलं काहीतरी समोरून जातं, हात आपसूक पुढे होतो, हीच तर या प्रकाराची लज्जत.

पट्ट्याची जन्मकथा आसाकुसात सांगायला सोपी जाते. शिराइशी योशिआकी या ओसाकाच्या सुशीवाल्याने आसाहीच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बिअरच्या बाटल्या पाहिल्या आणि त्यावरून १९५८ मध्ये फिरत्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. १९७० च्या ओसाका प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि मग देशभर त्याचं पेव फुटलं. आसाकुसाच्या पुलावर उभं राहिलं की सुमिदा नदीपलीकडे सोनेरी ज्वाळेसारखं काहीतरी डोक्यावर घेतलेली इमारत दिसते, ती याच आसाहीची. लेकीला ही हकीकत सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे आपण बाटल्यांच्या जागी बसलोय?’ नाही बाई, आपण गिऱ्हाईकच.

टेबलावर काय काय असतं तेही सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा जाणारा इथेच गोंधळतो. हिरव्या चहाची पूड डब्यात असते. कपात चमचाभर घ्यायची आणि टेबलावरच्याच नळाचं उकळतं पाणी सोडायचं. तो नळ हात धुण्याचा नाही, हात भाजेल. गोडसर व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या आल्याच्या चकत्या असतात. त्या लोणच्यासारख्या प्रत्येक घासाला लावून खायच्या नसतात, एक मासा संपवून दुसऱ्याकडे वळताना जीभ साफ करायला असतात. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवा लगदा, सुशीत आधीपासून घातलेला नसतो, वेगळा घ्यावा लागतो. मुलं बरोबर असतील तर ही मोठीच सोय. मागवायला पडद्यावर इंग्रजीही आहे. साधारण एका ताटलीत दोन घास येतात. काही महाग प्रकारांत एकच.

आता साबा.

कुराच्या यादीत तो ‘निकुआत्सु तोरो शिमेसाबा’ या लांबलचक नावाने येतो. जाड कापाचा, चरबीदार, मीठ-व्हिनेगर लावलेला. ताटली समोर आली की आधी नीट पाहून घ्या. वरची पातळ पारदर्शक कातडी ओढून काढलेली असते आणि खाली निळसर-चंदेरी नक्षी तशीच राहिलेली असते. कापाची बाजू पाहिलीत तर कडेला मांस पांढरट झालेलं दिसतं, आत शिरावं तसं गुलाबी होत जातं. कडेचं पांढरं म्हणजे व्हिनेगर जिथवर पोचलं ती हद्द. तोंडात टाकल्यावर पहिल्यांदा आंबटपणा, मग मीठ, आणि चावता चावता शेवटी तेल सुटतं. या क्रमाने येतं म्हणूनच मजा आहे. तेल आधी आलं असतं तर पहिल्या घासालाच नकोसं झालं असतं.

मावशीने काड्या बाजूला ठेवल्या, बोटांनी सुशी उचलली (हाताने खाल्लेली चालते, बिनधास्त खा), मासा भातावरून किंचित उचलून खालची बाजू पाहिली, नाकाशी नेली आणि मग खाल्ली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ह्यो बांगडो न्हय, पण बांगड्याचो चुलतभाव दिसता.’ बरोबर ओळखलंन. साबा आणि आपला बांगडा एकाच कुळातले, जात वेगळी. पुढे म्हणाली, ‘मीठ लावणाऱ्याक अक्कल आसा.’ मावशीकडून एवढं प्रशस्तिपत्र माझ्या आईलाही कधी मिळालेलं नाही.

तिने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. हा मासा कच्चा आहे हे अर्धंच खरं. माशाच्या दोन बाजू काढून त्यांवर मीठ अक्षरशः थापतात आणि तासभर किंवा जास्त ठेवतात. मिठाने पाणी सुटतं, मांस घट्ट होतं. मग धुऊन, पुसून व्हिनेगरमध्ये बुडवतात. किती वेळ, हे ज्याच्या त्याच्या हातावर. कोकणात बांगडा खारवतात तेव्हा मीठ आणि ऊन मिळून पाणी पार काढून टाकतात, कारण तो पावसाळाभर टिकवायचा असतो. इथे तेच काम सुरू करून मध्यावर थांबवतात. मावशीने आयुष्यभर मिठाचा हात सांभाळलेला असल्यामुळे तिला व्हिनेगर परका वाटला तरी मीठ ओळखीचं वाटलं.

कच्च्या माशाने पोटात किडे होतात का, हा प्रश्न मला दर पाहुणा विचारतो, तर तेही सांगते. साबात आनिसाकिस नावाचा परजीवी असू शकतो आणि व्हिनेगरने तो मरत नाही. तो गोठवण्याने मरतो. जपानमधला सरकारी दंडक उणे २० अंशांत किमान २४ तास असा आहे. म्हणून गोठवलेला साबा म्हटलं की नाक मुरडू नका. घरी बाजारातला ताजा साबा आणून स्वतः प्रयोग करणाऱ्यांनी मात्र हे वाक्य पुन्हा वाचावं.

मीठ-व्हिनेगर हा कुराचा शोध नव्हे, टोकियोच्या सुशीचा तो पायाच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शहराचं नाव एदो होतं, बर्फ नव्हता, आणि उकाड्यात समुद्राचा मासा गाडीवर विकायचा होता. मग कुणाला मीठ लाव, कुणाला व्हिनेगरात बुडव, कुणाला सोयासॉसमध्ये मुरव, कुणाला शिजव, असं प्रत्येक माशाचं काहीतरी काम करून मगच तो भातावर चढायचा. आसाकुसाहून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली आणि पलीकडे र्‍योगोकू आहे. तिथल्या हानाया योहेईचं नाव हाताने दाबलेल्या सुशीशी जोडलं जातं, साधारण १८२० च्या दशकात. व्हिनेगरही योगायोगाने वेळेवर आला. आइची भागातल्या हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्याने १८०४ च्या सुमारास साकेच्या उरलेल्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला घेतला, स्वस्त आणि लालसर, आणि तो जहाजांनी एदोला येऊ लागला. आजची मित्सुकान कंपनी ती हीच. भातात व्हिनेगर घालून सुशी तिथल्या तिथे करता येऊ लागली. फार पूर्वी मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवत ठेवायचे.

आणि ज्या तोरोसाठी आज लोक रांगा लावतात, ती ट्यूनाच्या पोटाकडची चरबी त्या काळी टाकून देत. लगेच खराब व्हायची. मांजरसुद्धा ओलांडून जाईल असं तिला म्हणत. २०१९ च्या जानेवारीत टोकियोतल्या तोयोसूच्या मासळी बाजारात वर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. तो आकडा ऐकून तोरो मागवणाऱ्यांनी मागवावी, चांगली लागते, तोंडात विरघळते, माझं काही म्हणणं नाही. विरघळण्यापलीकडे ती फारसं काही करत नाही एवढंच. साबा, अजी, इवाशी हे चंदेरी कातडीचे मासे स्वस्त असतात, कारण ते भरपूर मिळतात आणि लवकर नासतात. त्यांच्यावर हात चालवावा लागतो. कुठल्याही सुशीच्या दुकानाची पारख मी याच माशांवरून करते. सॅमनवरून काय कळणार? तो सगळीकडे सारखाच लागतो.

सॅमनला एवढं घालूनपाडून बोलते आहे तर त्याचीही बाजू. जपानी लोक पूर्वी सॅमन कच्चा खात नसत, भाजून खात, त्या परजीवीच्या भीतीने. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला सॅमन खपवायला जपानमध्ये मोहीमच उघडली आणि फिरत्या पट्ट्यावरून तो मुलांच्या तोंडी बसला. माझ्या लेकीचा आवडता घास तोच. तिच्या बापाला तिला काही शिकवायची सोय नाही आणि माझं ती ऐकत नाही.

अजी मिळाला तर सोडू नका. त्यावर वासाबीऐवजी किसलेलं आलं आणि कांद्याची पात असते, हे आपल्या जिभेला लगेच जुळतं. इवाशी म्हणजे आपल्या तारलीच्या घरातला. हंगाम असेल तेव्हाच चांगला, एरवी काटे आणि वास. कोळंबी उकडलेली येते, ती लहान मुलांना आणि घाबरट पाहुण्यांना द्या. माकूल पांढरीशुभ्र दिसते. तिच्यावर सोयासॉसचा एकच थेंब टाका. सोयासॉस भाताला लागू द्यायचा नाही, भात फुटतो आणि चव नुसती खारट होते. सुशी आडवी करून माशाची कड टेकवायची.

भाताबद्दल. साखळी दुकानांत भाताचे गोळे यंत्र पाडतं. सुझुमो कंपनीने असं पहिलं यंत्र १९८१ मध्ये काढलं आणि फिरत्या सुशीचा पसारा त्याच्या जिवावर वाढला. यंत्राचा गोळा दर वेळी सारखा. उत्तम कारागिराचा गोळा वरून घट्ट, आतून सैल, उचलला तर धरून राहतो आणि जिभेवर मोकळा होतो. तो फरक कळायला एकदा तरी काउंटरवर बसायला हवं. मीही बसले आहे, गिन्झाकडच्या एका लहान दुकानात, दुपारच्या जेवणाला, माणशी दहा हजार येनच्या वर. तिथे पैसे वसूल झाले ते तोरोवर नव्हे, कोहादावर. वीतभरही नसलेला मासा, कातडीवर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, मीठ-व्हिनेगर लावून मुरवलेला. याचा बाजारभाव उलटा चालतो. अगदी कोवळा असताना, उन्हाळ्याच्या तोंडाला, किलोमागे अवाच्या सवा भाव, एका घासाला तीन-चार मासे लागतात. मोठा होत जाईल तसा स्वस्त, आणि पुरता वाढला की सुशीवाला त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या कारागिराने माशाला मधोमध चीर देऊन शेपटीकडचा भाग पिळून बसवला होता. चव साबाहून नाजूक, आंबट कमी, मागे हिरवट असा वास. मावशीला तिथे नेलं नाही. बिल पाहून तिने मला तिथेच झापलं असतं.

महाग म्हणजे चांगलं हे समीकरण मात्र पक्कं धरू नका. त्सुकिजीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला, बाहेरच्या गल्ल्या मागे राहिल्या आणि आता तिथे बहुतेक पर्यटकच असतात. तिथल्या एका दुकानात, नाव घेत नाही, उनीचा म्हणजे समुद्री साळिंदराच्या पिवळ्या गराचा भात घेतला. किंमत अशी की दुसऱ्यांदा वाचली. पहिल्या घासालाच तुरटीची चव. उनीचा गर लगेच पसरतो, म्हणून त्याला तुरटीच्या पाण्यात घालून घट्ट करतात. जास्त झाली की कडवट लागते. चांगल्या मालाला ती लागतच नाही किंवा जाणवत नाही. विचारल्यावर दुकानदाराने हसून ‘निसर्गाची चव’ असं सांगितलं. निसर्ग तुरटी घालत नाही हो. गल्लीत फिरा, ऑम्लेटची गरम काडी खा, सुऱ्या बघा, पण वाटीभर समुद्र विकणाऱ्यांपासून जपून.

परत कुराकडे, शाकाहाऱ्यांसाठी. काकडीचा रोल निर्धास्त. नात्तोचा रोलही, पण ते आंबवलेलं बुळबुळीत सोयाबीन पहिल्या घासाला फार थोड्यांना झेपतं, आणि त्याच्यावरच्या सॉसमध्ये माशाचा अर्क असू शकतो. मका-मेयोनेज अंडं चालत असेल तर. गोची इथून पुढे आहे: गोड तळलेल्या तोफूच्या पिशवीतली इनारी दिसायला पक्की शाकाहारी, पण ती पिशवी बहुधा सुकवलेल्या माशाच्या पाण्यात शिजवलेली असते. अंड्याच्या गोड वडीतही तेच पाणी, मिसो सूपमध्ये तेच, उदोन या जाड शेवयांच्या रश्शात तर नक्कीच. नवऱ्याने पूर्वी इनारी आवडीने खाल्ल्या आहेत आणि हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. या लेखामुळे कळेल. त्या दिवशी त्याने काकडीचे रोल, बटाट्याचे तळलेले काप आणि शेवटी केक यांवर निभावलं, आणि तक्रार न करता उठला. शनिवारी दुपारी चौघांसाठी एवढं पुरे.

लेकीचा आनंद वेगळाच. रिकाम्या ताटल्या टेबलाच्या कडेच्या फटीत सरकवायच्या. त्या पाण्याबरोबर आतल्या बाजूला वाहून जातात, पडद्यावर आकडा वाढतो आणि पाच ताटल्या झाल्या की एक छोटा खेळ सुरू होतो. जिंकलात तर वरून गोळी पडते, आत एखादं खेळणं. ही युक्ती कुराने २००० पासून चालवली आहे. ताटल्या मोजायचे, गोळा करायचे कष्ट दुकानाचे वाचतात आणि आईबाप ‘अजून एकच’ म्हणून काकडीचा रोल मागवतात. आमच्याकडे चौदा ताटल्या झाल्यावर जी शांतता पसरली ती पाहता पंधरावी मागवण्यावाचून पर्याय नव्हता. मी साबा मागवला.

खर्चाचं म्हणाल तर कुराच्या साध्या ताटल्या ऑक्टोबर २०२२ मध्ये ११० येनवरून ११५ झाल्या, आणि शहराच्या मध्यातल्या, मोक्याच्या शाखांत त्याहून जास्त पडतात. आसाकुसा मोक्याचीच. तरीही गिन्झाच्या त्या एका दुपारच्या पैशांत चौघं इथे ओ येईपर्यंत खातील.

जेवण झाल्यावर देवळासमोरच्या नाकामिसेच्या गल्लीत खाऊची दुकानं आहेतच. तिथे चालत चालत खायचं नाही, दुकानापाशी उभं राहून संपवायचं, तशा पाट्याच लावल्या आहेत. निंग्यो-याकी, म्हणजे साच्यात भाजलेले छोटे केक, गरम असतील तरच घ्या. आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण असतं. कामिनारी-ओकोशी म्हणजे फुगवलेला तांदूळ आणि शेंगदाणे पाकात दाबलेले, थेट आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवाची वडी. बांधून नेण्यासाठी चांगली, आवर्जून खाण्यासारखी नाही. समोर निखाऱ्यावर भाजून सोयासॉस लावलेली तांदळाची सेनबेई मात्र गरम गरम खावी.

खरा खाऊ मी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातून, आणि सुपरमार्केटमधून घेते. एक बारीकशी गोष्ट: तिथेच बसून खाल्लंत तर १० टक्के कर, बाहेर नेलंत तर ८. ऑक्टोबर २०१९ पासून असं आहे. काकि नो ताने हे माझं घरचं दैवत. तांदळाच्या तिखट-खारट चंद्रकोरी आणि शेंगदाणे. कामेदा सेइका कंपनीने दोन्हींचं प्रमाण काय असावं यावर लोकांचं मतदान घेतलं आणि २०२० मध्ये चंद्रकोरी सात, दाणे तीन असं बदललं. मला जुनं सहाला चार बरं वाटायचं, पण लोकशाही आहे. वासाबीच्या चवीचं पाकीट मिळालं तर तेच घ्या. मुलांसाठी उमाइबो, मक्याची फुसफुशीत कांडी. १९७९ पासून १० येनला मिळायची, २०२२ मध्ये १२ झाली, २०२४ मध्ये १५. तरी खिशातल्या चिल्लरवर पोराचं तोंड बंद होतं.

मावशीने सगळं चाखून शेवटी काल्बीच्या काप्पा एबिसेनवर शिक्का मारला. ही कोळंबीची कुरकुरीत कांडी १९६४ पासून निघते आणि त्यात कोळंबी सालासकट वाटलेली असते. तिने दुकानाबाहेरच पाकीट फोडलं, दोन कांड्या खाल्ल्या आणि म्हणाली, ‘सुंगटा सोलूक नाय, म्हणान चव रवली.’ मग आत जाऊन आणखी पाकिटं घेतली. तुम्हीही घ्याल तर लहान पाकिटं घ्या. मोठं उघडलं की कोकणातल्या हवेत संध्याकाळपर्यंत मऊ पडतं, आणि सामानात जागाही फार खातं.